उब्बम्मा

कुणी माझ्यासमोर ‘सिलिकॉन सिटी’ म्हटलं की माझं डोकं फिरतं. हे शब्द आता रिक्षांच्या पाठीवर आहेत, सलूनच्या पाटीवर आहेत, आणि बेंगळुरूत बनशंकरीला आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्या नावाची एक बेकरीही निघाली आहे. तिथला पाव मी आणत नाही. घरचे म्हणतात, पावावर कसला राग? पावावर नाहीच. या गावात सिलिकॉन खरोखर वितळताना ज्यांनी पाहिलं ते आम्ही मूठभर लोक होतो. आमची भट्टी एका माणसानं जाणूनबुजून मारली, दोष दुसऱ्याच्या माथी मारला, आणि वर तोच माणूस सिलिकॉन सिटीवर भाषणं देत हिंडू लागला. राग आहे तो त्याचा.

मी भाग्यलक्ष्मी जाधव. आमची माणसं इतक्या पिढ्यांपूर्वी इथं येऊन राहिली की आमच्या मराठीत कन्नड कुठं मिसळतं ते आम्हालाही कळत नाही. भौतिकशास्त्रात एमएस्सी केल्यावर मी व्हाइटफील्डला जयसिंगरावांच्या कारखान्यात लागले. तिथं सौर दिव्यांच्या पट्ट्यांसाठी सिलिकॉनचे स्फटिक तयार व्हायचे, आणि ज्या भट्टीत ते व्हायचे ती भट्टी माझ्याकडे होती.

काम सांगायला सोपं आहे. मूस, म्हणजे क्वार्ट्झचं एक पांढरट भांडं, सिलिकॉनच्या खड्यांनी भरायची. चौदाशे अंशांच्या वर तापवायची. खड्यांचा रस झाला की वरून बोटाएवढा एक स्फटिक त्याला टेकवायचा आणि फिरवत फिरवत, अगदी सावकाश वर ओढायचा. रस त्याला धरून गोठत जातो आणि दीड दिवसानं हाताच्या लांबीचा चकचकीत करडा दांडा तयार होतो. त्याच्या पातळ चकत्या कापल्या, त्यावर पुढचे संस्कार केले, की उन्हात ठेवताच त्या वीज देतात. करायला मात्र हे सोपं नाही, कारण सिलिकॉनइतका उफराटा पदार्थ मी दुसरा पाहिलेला नाही. दिसतो धातूसारखा, फुटतो काचेसारखा. तांब्याची तार तापवली की तिच्यातून वीज जड जाते, याला तापवलं की सोपी जाते. आपल्याला त्यात आरशासारखं तोंड दिसतं, पण उष्णतेचे किरण त्यातून खुशाल आरपार जातात. आणि सगळ्यात मोठा उफराटेपणा म्हणजे बहुतेक पदार्थ गोठताना आकसतात, हा पाण्यासारखा फुगतो.

तो कसा फुगतो हे आम्हाला पहिल्याच वर्षी कळलं. वीज गेली, जनरेटर सुरू होईना, आणि भट्टीतला रस जागच्या जागी गोठला. वर आधी साय धरली. मग आतला रस गोठता गोठता फुगला, त्याला जागा पुरेना. त्यानं मूस तडकवली आणि सायीला मधोमध फोडून एक उंचवटा वर काढला, टोकाला अगदी निमुळता. भट्टी थंड झाल्यावर आम्ही ते धूड बाहेर काढलं तेव्हा ते कुणी घडवल्यासारखं दिसत होतं. रघुपतीअण्णानं त्याला हात जोडले. कन्नडमध्ये उब्बु म्हणजे फुगणं. तिचं नाव पडलं उब्बम्मा, फुगलेली आई.

रघुपतीअण्णा आमचा इलेक्ट्रिशियन. आमच्याच समाजातला, माझ्याहून वीस वर्षांनी मोठा. तो मला अक्का म्हणायचा आणि मी त्याला अण्णा. अंगणापलीकडच्या पॅनेल रूममध्ये त्याचं राज्य होतं. सगळ्या कारखान्याचे मेन स्विच तिथं, आणि नियम एकच: भट्टीच्या लाइनला माझ्या फोनशिवाय हात लावायचा नाही. बोर्ड वीज तोडणार असला की आधी जनरेटर सुरू व्हायचा, भट्टी त्याच्यावर जायची, मी फोनवर “सरी अण्णा”, म्हणजे ठीक आहे, “टाक” म्हणायचे, आणि मगच तो मेन खाली ओढायचा.

आता आयुधपूजेचं सांगायला हवं, कारण सगळं तिच्यावरच आलं. बेंगळुरूत दसऱ्याच्या आदल्या दिवशी कारखान्यात यंत्रं बंद ठेवतात, धुतात, हळदकुंकू लावतात, केळीचे खांब बांधतात, दारात कुंकू भरलेला कोहळा फोडतात. आमच्या भट्टीला यातलं काहीच चालायचं नाही. रस भरलेला असताना ती बंद करता येत नाही. कुंकवाचा एक कण आत गेला तर दीड दिवसाचं काम वाया जातं. मी तर त्या खोलीत जाण्याआधी केसांतला मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा, गजरासुद्धा काढून खुंटीला अडकवत असे. मग आमच्या लोकांनी स्वतःच तोड काढली. भट्टीची पूजा उब्बम्माला. ती बाहेरच्या वाटेवर एका दगडी चौथऱ्यावर बसवलेली होती. कुंकू तिला, फूल तिला, कापूर तिच्यापुढं. आत भट्टी चालूच. जनरेटरची पूजा सगळ्यात शेवटी, स्फटिक बाहेर आल्यावर. हे कुणा साहेबानं ठरवलेलं नव्हतं, आणि यात कधी चूक झाली नव्हती.

मग शहाण्णव साली पुण्याहून उल्हास आगाशे आले. जनरल मॅनेजर म्हणून.

पहिल्या दिवशी माझं बोलणं ऐकून म्हणाले, “मॅडम, तुमचं मराठी किती क्यूट आहे हो! म्हणजे मराठीच, पण काहीतरी वेगळंच.” आमच्या पिढ्यांनी जपलेली भाषा याला खेळण्यातली वाटली. दुसऱ्या दिवशी त्यांना उब्बम्मा दिसली. “हे काय? हे भंगार इथं कशाला?” मी सांगितलं. ते हसले. “ओके, ओके. लोकल कल्चर. राहू दे.”

आमच्या कुंपणापलीकडं तेव्हा काचेची मोठी इमारत उठत होती. रोज नवी गाडी, नवे लोक. उल्हास आगाशे खिडकीशी उभे राहून त्या इमारतीकडे पाहायचे आणि म्हणायचे, “मॅडम, हे शहर कुठं चाललंय बघा. खरी सिलिकॉन सिटी ती. आपण इथं काय भट्ट्या लावून बसलोय?” मी म्हटलं, “सर, सिलिकॉन इकडं आहे.” त्यांना ती चेष्टा वाटली.

एकदा मात्र त्यांनी नीट विचारलं. भट्टीच्या छोट्या खिडकीतून आत पाहत होते, गडद काचेतून. रसावर एक खडा तरंगत होता, अजून न वितळलेला.

“हा बुडत का नाही?”

“बर्फ पाण्यात बुडतो का, सर? तसंच. गोठलेलं सिलिकॉन हलकं असतं, कारण गोठताना फुगतं.”

“म्हणजे मध्येच भट्टी बंद पडली तर?”

“पाण्यानं भरलेली काचेची बाटली फ्रीझरमध्ये ठेवली तर काय होतं?”

“फुटते. आमच्याकडे पुण्याला सोड्याची फुटली होती एकदा. फ्रीझरभर काचा.”

“बस. तेच.”

ते बराच वेळ त्या खिडकीतून पाहत राहिले. मला बरं वाटलं. वाटलं, माणसाला गोडी लागतेय.

त्याच महिन्यात एका सॉफ्टवेअर कंपनीनं आमचा हॉल मागितला. भक्कम पाया, भरपूर वीज, गच्चीवर पाण्याची मोठी टाकी; सगळं तयार. उल्हास आगाशे जयसिंगरावांच्या मागं लागले. जयसिंगराव म्हातारे, शब्दाचे पक्के. त्यांनी आम्हा सगळ्यांना बोलावलं आणि आमच्यासमोर उल्हास आगाशेंना सांगितलं, “ही भट्टी मी उभी केली. ती चालू आहे तोवर हा विभाग मी बंद करणार नाही. स्वतःहून तिचा दम संपला तर गोष्ट वेगळी.” आम्ही टाळ्या वाजवल्या. उल्हास आगाशेंनीही वाजवल्या.

यानंतर आयुधपूजा आली. उल्हास आगाशे अचानक भाविक झाले. पहाटेच कुर्ता घालून हजर. कुठली पूजा कधी, हे त्या वर्षी त्यांनी ठरवलं. जनरेटरची पूजा सगळ्यात आधी घेतली. “मॅडम, इमर्जन्सीला तोच आपल्याला वाचवतो, त्याचा मान पहिला.” त्याच्या बॅटरीच्या वायरी काढून, पुसून, हळदकुंकू वाहून ताटात ठेवल्या गेल्या. मला ते खटकलं. मी म्हटलं, “सर, आत रस आहे. स्फटिक अर्ध्यावर आहे. वायरी लगेच जोडून घ्या.” “हो हो, आरती झाली की,” म्हणाले.

मी उब्बम्मापाशी गेले. दर वर्षी तिला कुंकू मीच लावायचे. कुंकू तेलात कालवलेलं होतं, दोन्ही हात मनगटापर्यंत लाल. मागं लोक उभे, कापूर पेटवलेला, आणि एकदम मला काहीतरी कमी झाल्यासारखं वाटलं. भट्टीला स्वतःचा आवाज नसतो, तिच्या पंपांना असतो. तो थांबला होता.

मी तशीच धावले. लाल हातांनी, गजऱ्यासकट आत घुसले. खिडकीत एरवी डोळे दिपवणारा पिवळा उजेड असतो, तो नारिंगी झाला होता. रसावर साय धरत होती आणि अर्धा ओढलेला स्फटिक तिच्यात अडकत चालला होता. मी फोन उचलून ओरडले, “अण्णा! मेन वर कर! मेन वर कर!” रघुपतीअण्णा पलीकडून म्हणाला, “अक्का? जनरेटरवर नाही का भट्टी?” “नाही, वर कर!” मी म्हटलं. त्यानं मेन वर केला, पण भट्टीचं नियंत्रण पुन्हा जागेवर यायला वेळ लागतो. तेवढ्यात आतून आवाज आला. मोठा नाही. दाताखाली खडा यावा तसा. मूस तडकली होती.

नंतर तापवायचा प्रयत्न केला तेव्हा वितळलेलं सिलिकॉन तड्यातून खाली गेलं आणि तिथलं ग्राफाइट, हीटर, सगळं खाऊन बसलं. गच्चीवरच्या टाकीतून भट्टीभोवती थंड पाणी येत राहिलं म्हणून निदान स्फोट झाला नाही. पण ती भट्टी संपली. तिचे भाग परदेशातून यायचे आणि ते बनवणंच तिथल्या कंपनीनं बंद केलं होतं. हे उल्हास आगाशेंना मी आधीच एका बैठकीत सांगितलेलं होतं. माझ्याच तोंडानं मी त्या माणसाच्या हातात एकेक हत्यार देत होते, आणि मला ते शिकवणं वाटत होतं.

जयसिंगरावांच्या केबिनमध्ये चौकशी झाली. रघुपतीअण्णा उभा होता, कपाळावर सकाळचंच कुंकू. म्हणाला, “सरांचा फोन आला. म्हणाले, भट्टी जनरेटरवर गेली, मॅडम इथंच आहेत, त्यांचे हात कुंकवानं भरलेत म्हणून मी बोलतोय. मेन टाका, पॅनेलच्या पूजेचा मुहूर्त आहे. मी टाकला.”

मी उल्हास आगाशेंकडे पाहिलं. चेहऱ्यावर रेषही हलली नाही.

“साहेब, मी फोन केलाच नाही,” ते म्हणाले. “मी यांना दोष देत नाही हं. साधी, भाविक माणसं आहेत. मुहूर्त टळेल या भीतीनं टाकला असेल मेन. कल्चर आहे त्यांचं.”

“सर, माझे हात कुंकवानं भरले होते हे पॅनेल रूममध्ये बसलेल्या माणसाला कसं दिसलं?” मी विचारलं.

“दर वर्षी तुम्हीच लावता ना कुंकू? मग माहीतच असणार.”

“आणि बाटलीचं? फ्रीझरमधली बाटली? मी तुम्हाला सांगितलं नव्हतं?”

“असं काही बोलणं झाल्याचं मला तरी आठवत नाही. मॅडम, मी कॉमर्सचा माणूस. चालू मशीन मध्येच बंद केलं तर आतलं सगळं जातं, हे मला कसं कळणार?”

हे शेवटचं वाक्य मी घरी नेलं. रोज त्याच्याबरोबर जेवले, त्याच्याबरोबर झोपले. कानाखाली एक वाजवावी असं इतक्या वेळा मनात आलं की हात दुखायचा.

फोन दोघांतला. साक्षीदार कुणी नाही. जयसिंगरावांनी रघुपतीअण्णाला काढून टाकलं आणि दोन महिन्यांत विभाग बंद केला. शब्द मोडला नाही त्यांनी. भट्टी चालू नव्हती ना. मला त्यांचाही राग आला, अजून आहे. म्हातारपणी माणसाला सोयीचं खरं वाटू लागतं, आणि तो त्याला सचोटी म्हणतो.

मला एका कॉलेजात शिकवायचं काम मिळालं. रघुपतीअण्णाला काही मिळालं नाही. पूजेच्या नादात भट्टी फोडणारा इलेक्ट्रिशियन, ही त्याची ओळख पार पीण्याच्या कारखान्यांपर्यंत पोचली होती. मी त्याच्या घरी गेले तेव्हा संध्याकाळ होती आणि तो अंधारात बसला होता. बायको बाजारातून आली, तिनं दिवा लावला. मला आत नेऊन हळूच म्हणाली, “तेव्हापासून स्विचला हात लावत नाही. पंखासुद्धा मीच लावते.” जन्मभर विजेशी खेळलेला माणूस! मी बाहेर येऊन म्हटलं, “अण्णा, तुझी काय चूक? तुला खोटं सांगितलं.” तो म्हणाला, “खोटं त्यानं सांगितलं अक्का. हात माझा होता.” मला रडू आलं नाही. मला त्या पुणेकराचं नरडं धरावंसं वाटलं.

पुढच्या वर्षी आयुधपूजेच्या आधी उल्हास आगाशेंचा फोन. आता ते त्या सॉफ्टवेअर कंपनीत प्रशासन पाहत होते. आमच्याच हॉलमध्ये.

“मॅडम, गेलं ते गेलं. आमचे गेस्ट्स येतायत, अमेरिकेहूनही दोघं आहेत. जयसिंगरावसाहेब येतायत. सिलिकॉन सिटी आहे, तर सिलिकॉनवर पाच मिनिटं कुणी बोललं तर मस्त वाटेल. तुमच्याइतकं कोण बोलणार?”

निर्लज्जपणाला काही सुमार! फोन आपटणार होते, पण मी म्हटलं, “येते. एक माणूस बरोबर आणीन.”

रघुपतीअण्णा “बेडा अक्का, बेडा” म्हणत राहिला. नको, नको. त्याला मी जवळजवळ ओढतच नेलं. माझा बेत काही मोठा नव्हता. सगळ्यांसमोर बोलायचं, खरं ते सांगायचं, आणि तो तिथं उभा असायला हवा, एवढंच.

हॉल ओळखू येत नव्हता. खाली गालिचा, वर थंड हवा. स्वागतकक्षात काचेच्या पेटीत उब्बम्मा. तिचं वर्षानुवर्षांचं कुंकू कशानं तरी घासून काढलेलं होतं, खालून निळा दिवा सोडलेला, आणि समोर इंग्रजीत पाटी: आमच्या शहराचा आत्मा. रघुपतीअण्णानं तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

जिथं भट्टी होती तिथं आता सर्व्हरची खोली होती. काचेचं दार, आत कपाटांच्या रांगा, हिरवे दिवे लुकलुकतायत. पुरोहित हळदकुंकवाचं ताट घेऊन दाराशी पोचले, तोच उल्हास आगाशे पुढं झाले.

“आत नाही हं, पंडितजी. आत काही न्यायचं नाही. दारावरच लावा कुंकू. आतली मशीन्स चालू राहणार.”

पुरोहित कन्नडमध्ये पुटपुटले की यंत्रं बंद ठेवायची रीत आहे. उल्हास आगाशेंनी हसून हात हलवला. “ही बंद करायची नसतात. पूजा बाहेरून. आत काम चालू.”

मी ते ऐकलं. शब्द न शब्द आमची रीत. उब्बम्माची रीत. त्याला ती पाठ होती.

मग मला बोलायला उभं केलं. पाहुणे, जयसिंगराव खुर्चीत, रघुपतीअण्णा भिंतीला टेकून. उल्हास आगाशे म्हणाले, “आमच्या सिलिकॉन लेडी!” टाळ्या.

मी सांगितलं. म्हटलं, तुम्ही ज्या वाळूवर उभे राहता तिच्यात हे आहे. तुमच्या स्कूटरच्या पिस्टनमध्ये आहे, म्हणून तो पिस्टन तापूनही फारसा पसरत नाही, अडकत नाही. रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्यात आहे, म्हणून वीज कमी वाया जाते. रेल्वेच्या इंजिनात आहे, खेड्यातल्या सौर दिव्यात आहे, आणि या दाराआडच्या प्रत्येक कपाटात आहे. तुम्ही मात्र नावापुरतं घेतलंत. म्हटलं, पेटीतली ती वस्तू आत्माबित्मा काही नाही. ती वीज गेल्यावर गोठलेली भट्टी आहे. सिलिकॉन गोठताना फुगतं आणि ज्या भांड्यात असतं ते फोडतं. चालू भट्टी मध्येच बंद करू नये हे लक्षात राहावं म्हणून आम्ही तिला कुंकू लावायचो. गेल्या वर्षी याच जागी, अशाच पूजेत, कुणीतरी भट्टी बंद करवली. आळ या माणसावर आला. आणि मी रघुपतीअण्णाकडे बोट केलं.

पाहुणे एकमेकांकडे पाहू लागले. उल्हास आगाशे हसतच पुढं आले. “थँक यू मॅडम, फारच इंटरेस्टिंग. आता प्रसाद घेऊ या.”

प्रसाद! माझं बोलणं त्यानं ताटातल्या शिऱ्यासारखं बाजूला सारलं. मी वळले. सर्व्हरच्या खोलीबाहेर, भिंतीवर, लाल दांड्याचा मेन होता. ताटातल्या कुंकवात मी उजवा हात बुडवला आणि तो दांडा धरला.

“मॅडम, काय करताय?”

“पूजा. मेन टाकते. मुहूर्त आहे.”

“वेड लागलंय का? सोडा तो! तो यूपीएसच्या पलीकडचा आहे, बॅटरीही वाचवणार नाही, त्याच्यावर सगळे सर्व्हर आहेत!”

“असू देत की. आम्ही साधी, भाविक माणसं. कल्चर आहे आमचं.”

मी दांडा किंचित खाली घेतला. खरं सांगते, ओढलाच असता. उल्हास आगाशेंचा चेहरा पांढरा पडला होता, आणि ते ओरडले, पुण्याच्या स्वच्छ मराठीत, सगळ्यांच्या देखत:

“अहो, चालू मशीन मध्येच बंद केलं तर आतलं सगळं जातं! हे काय मला माहीत नाही?”

“कधीपासून माहीत आहे?” मी विचारलं. “गेल्या वर्षी तर कॉमर्सचे होतात.”

माझा लाल हात दांड्यावरच होता. ते त्या हाताकडे पाहत होते, आणि घाईघाईत, मला गप्प करायला, म्हणाले, “हे बघा, तेव्हा मी फोन केला तो निव्वळ तुमचे हात भरले होते म्हणून...”



जयसिंगराव खुर्चीतून उठले. त्यांना उठायला वेळ लागला. “म्हणजे फोन तू केला होतास,” ते म्हणाले. उल्हास आगाशे काहीतरी इंग्रजीत बोलू लागले, कम्युनिकेशन, मिसअंडरस्टँडिंग असं काहीसं. जयसिंगराव ऐकत नव्हते. ते रघुपतीअण्णाकडे वळले आणि त्यांना त्याच्याशी काय बोलावं ते सुचेना. मी त्यांना मदत केली नाही. त्यांचं त्यांनी शोधावं.

माझा राग गेला नव्हता. दांडा अजून हातात होता आणि बोटं शिवशिवत होती. एक झटका, आणि या माणसालाही कळलं असतं. तेवढ्यात माझ्या शेजारी कुणीतरी आलं. रघुपतीअण्णा. त्यानं माझी बोटं एकेक करून दांड्यावरून सोडवली. मग माझ्यामुळं किंचित खाली आलेला तो दांडा त्यानं स्वतःच्या हातात घेतला, तळव्यानं वर रेटला, आणि बसला की नाही ते पाहायला पुन्हा एकदा हलवून पाहिला. वर्षभरात पहिल्यांदा.

“घट्ट बसलाय,” तो म्हणाला. तळव्याला लागलेलं कुंकू त्यानं पँटला पुसलं. “सरी अक्का. चल घरी.”